बाणापर्यंत

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी बाटली आहे. आता माझ्या पोटात काहीच नाही, पण दुकानाच्या फळीवर होते तेव्हा माझ्याजवळ जे होतं ते मोजून सांगते. तपकिरी काचेचं एक अंग. एक घट्ट झाकण. झाकणावर उलटी बसवलेली, बारीक रेघांची मापाची एक टोपी. घडी घातलेला एक कागद. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. तळाशी दोन बोटं जाडीची पांढरी पूड. आणि खांद्याच्या किंचित खाली, चिठ्ठीवर छापलेला एक लाल बाण. पाणी मात्र नव्हतं. आमच्यासारखं जंतू मारणारं औषध पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून ते कोरडंच भरतात आणि पाणी घरी घालायला सांगतात.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा मला गळा होता, खांदे होते, पोट होतं, तोंडही होतं. जीभ तेवढी दिली नव्हती. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे फार वाटलं.

एके दिवशी दुपारी एक माणूस दुकानात आला. त्याच्या चपलांवर आणि कानाच्या पाळीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके होते. तो घरं रंगवण्याचं काम करायचा. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा डावा कान ठणकत होता, तापही होता. मुलगी जागेवर कधी बसत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी कान तपासून माझं नाव लिहून दिलं होतं.

दुकानात गर्दी होती. दुकानातल्या बाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि एका दमात सांगितलं, "पाणी उकळून गार करा. या बाणापर्यंत घाला, हलवा. पातळी खाली गेली की परत बाणापर्यंत घाला. फ्रीजमध्ये ठेवा, हलवूनच द्या. सकाळ-संध्याकाळ एकेक माप."

"पातळी उतरली की परत बाणापर्यंत," बाबांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

"हो, हो," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

पूड पहिल्यांदा पाण्यात भिजते तेव्हा फेस येतो. फेस बसला की पातळी जराशी खाली जाते. तेवढी एकदाच भरून काढायची असते. बाईंना म्हणायचं होतं ते हे. माझ्या कागदावरही तेच लिहिलं होतं, पण तो कागद पिशवीच्या तळाशीच राहिला.

घर दोन खोल्यांचं होतं. आई चादरी शिवण्याच्या कारखान्यात जायची. आजी भिंगरीला सांभाळायची. मला दिव्यापाशी धरून बाबांनी जी काळजी घेतली, तशी माझ्यासारख्या बाटलीच्या वाट्याला क्वचितच येते. त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले, नखांतला रंग काढला. उकळून झाकून ठेवलेलं पाणी हळूहळू ओतलं. बाणाशी डोळा नेऊन पातळी पाहिली. फेस बसू दिला, आणखी दोन थेंब घातले.

"अरे, औषध करतोयस की भिंत रंगवतोयस?" आजी म्हणाली.

"आई, भिंत चुकली तर परत रंगवता येते."

भिंगरीने पहिलं माप घेतलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "वास संत्र्याचा येतोय, पण हे संत्र्यासारखं नाहीये. खडूसारखं लागतंय."

"आणि खडू कधी खाल्लास गं?" बाबांनी विचारलं.

"शाळेत. पण पांढरा नाही, गुलाबी."

आजी हसली. आईही हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात हसू आलं होतं, आणि ते माझ्यामुळे आलं म्हणून मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भिंगरी पुन्हा खाटेवर उड्या मारू लागली. "गुणाची आहे हो बाटली," आजी म्हणाली आणि फ्रीजमध्ये मला दुधाच्या शेजारची चांगली जागा दिली.

पण मित्रांनो, माझं पातळ होणं त्याआधीच सुरू झालं होतं.

रंगाचा डबा उघडा राहिला की त्यातलं पाणी रात्रभरात उडतं. सकाळी रंग खाली बसलेला दिसतो. मग त्यात पाणी घालून, काठीने ढवळून तो पुन्हा खुणेपर्यंत आणायचा, नाहीतर भिंतीवर घट्ट चरे पडतात. बाबांनी हे आयुष्यभर केलं होतं. त्यांचा हात त्यातच तयार झालेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला उजेडात धरलं. दिवसभराची मापं काढल्यामुळे पातळी बाणाच्या खाली गेली होती. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी आणलं आणि मला बाणापर्यंत भरलं. तिसऱ्या दिवशीही भरलं. चौथ्याही.

आईने एकदा विचारलं, "अहो, रोज रोज पाणी कशाला?"

"दुकानातल्या बाईंनी सांगितलंय. पातळी राखायची, नाहीतर औषध घट्ट होईल. मी समोर उभा राहून ऐकलंय."

"तरी पण..."

"अगं, पाणी पण उकळलेलंच घालतोय ना?"

आईने माझी टोपी धुऊन पुसली आणि जागेवर ठेवली. ते घर निष्काळजी नव्हतं. एकही माप चुकलं नाही, एकदाही साध्या चमच्याने औषध दिलं नाही, मला कधी उन्हात ठेवलं नाही. सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. मी आतून ओरडत होते की थांबा, पुरे, आता नको. पण माझं झाकण उघडलं की नुसता संत्र्याचा वास यायचा, आणि तोही रोज थोडा कमी.

माझं औषध एका आठवड्याच्या आत संपायला हवं होतं. आठवडा झाला आणि मी अजून बाणापर्यंत भरलेली.

"ही बाटली आहे का विहीर?" आजी म्हणाली. "उपसावं तेवढं पाणी!"

"पुरवठ्याची निघाली," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, संपेपर्यंत द्यायचं, मध्येच सोडायचं नाही. संपली की दाखवायला या."

मी संपतच नव्हते. म्हणून ते दाखवायला जात नव्हते.

मग भिंगरीच्या उशीवर पिवळा डाग पडला. तिचा कान वाहू लागला होता. "घाण बाहेर पडतेय, बरंच आहे," आजी म्हणाली. ताप परत आला. आई म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"औषध चालू आहे ना अजून. अर्धवट सोडून गेलो तर तेच रागावतील."

त्या संध्याकाळी बाबांनी मला खिडकीपाशी नेलं. दोन पांढऱ्या रंगांतला फरक दुरून ओळखणारा तो माणूस. त्याने माझ्या तपकिरी काचेतून निरखून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फिकं दिसतंय," तो पुटपुटला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आता याच्या लक्षात येईल. आता हा मला ओतून टाकेल आणि मुलीला उचलून धावत सुटेल. पण त्याने विचार केला आणि स्वतःलाच समजावलं, "तळाला बसलं असेल." मग त्याने मला जोरजोरात, खूप वेळ हलवलं.

दोन दिवसांनी भिंगरीच्या डाव्या कानामागे सूज आली. लाल, गरम, बोट लावू न देणारी. कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला. तिने रडणंही सोडलं, नुसती आईच्या खांद्यावर पडून राहिली. तेव्हा मात्र आईने तिला शालीत गुंडाळलं, आजीने मला पिशवीत टाकलं, आणि सगळे मोठ्या रुग्णालयात गेले.

तिथे कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या. सूज पाहताच त्यांनी नर्सला हाक मारली आणि शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. मग विचारलं, "औषध काय दिलंत? किती दिवस?"

आजीने मला पुढे केलं. "अकरा दिवस झाले, डॉक्टर. एक माप चुकवलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं. चिठ्ठी वाचली. "ही बाटली सहा दिवसांत संपते. पुढचं औषध कुठून आणलंत?"

"कुठून नाही, हीच आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "रोज संध्याकाळी पातळी राखत होतो. उकळून गार केलेल्या पाण्याने. बाणापर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरच्या कागदावर पटकन आकडेमोड केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रोज दोन मापं औषध बाहेर, दोन मापं पाणी आत. आज सकाळी तुम्ही जे दिलंत, त्यात औषध जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा होतं. जंतू थोडे दबले, मेले नाहीत. ते कानामागच्या हाडात शिरलेत."

"पण बाणापर्यंत होतं, डॉक्टर," बाबा म्हणाले. "रोज बघत होतो मी."

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आजी भिंतीला हात टेकून खाली बसली. "मी मेलीने विहीर म्हटलं," ती म्हणाली, "आणि हसलो आपण सगळे."

शस्त्रक्रियेत भिंगरीच्या कानामागचं सडलेलं हाड काढलं. तिला नळीतून नवं औषध दिलं गेलं. ती वाचली. मला कुणी घरी नेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला धुऊन आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. पुडीचं औषध लिहून दिलं की त्या मला उचलतात आणि समोरच्या आईबापांना बाण दाखवतात.

त्या जे सांगतात तेच मी तुम्हाला सांगते, मित्रांनो, कारण तुमच्याही घरात माझी एखादी बहीण केव्हातरी येईल. पाणी फक्त पहिल्या वेळी घालायचं. पूड भिजवताना पातळी बसली तर तेव्हाच भरून घ्यायची, त्यानंतर पाण्याचा एक थेंबही नाही. जमलं तर दुकानातच बनवून घ्यावं. बाटली उघडल्याची तारीख वर लिहावी. औषध रोज कमी होत जाणारच, ते कमी होण्यासाठीच असतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरले की उरलेलं कुणासाठी जपून ठेवू नये. आणि औषध चालू असताना ताप परत आला, कान वाहिला, सूज आली, तर बाटली संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कळलं नाही तर परत विचारा. दुकानात कितीही गर्दी असली तरी परत विचारा. बाबांनी एक प्रश्न विचारला असता, "रोज घालायचं का?" एवढाच, तर बाई मान वर करून "छे हो" म्हणाल्या असत्या.

तीन महिन्यांनी भिंगरी तपासणीला आली. कानामागे पांढरा वण होता, केस अजून आखूड होते. माझ्या खिडकीसमोर काचेची एक लहानशी बंद खोली आहे. तपासनीस बाईंनी तिला आत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि समोर टोपली ठेवली. "आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. अगदी बारीक आला तरी. समजलं?"

"समजलं. आणि नाही आला तर?"

"तर हातातच धरायचा."

बाबा काचेबाहेर उभे होते. त्यांनी मला ओळखलं. एकदा पाहिलं आणि नजर वळवली. "आकडा कसा बघायचा असतो?" त्यांनी विचारलं.

"किती मोठा आवाज केल्यावर ऐकू आलं, तो आकडा," बाई म्हणाल्या. "लहान असेल तेवढं चांगलं. वीसच्या आत असला की कान ठीक."

आधी उजवा कान झाला. ठोकळे एकामागून एक टोपलीत पडले. प्रत्येक ठोकळ्याला भिंगरी काचेतून बाबांकडे पाहून हसत होती. मग डावा कान सुरू झाला. बाईंनी बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. भिंगरी ठोकळा हातात घट्ट धरून शहाण्यासारखी बसून राहिली होती, सांगितलं होतं तशी.

बाबा पुटपुटले, "टाक की गं, बाळा."

बऱ्याच वेळाने एक ठोकळा पडला. बाईंनी कागदावर दोन आकडे लिहिले आणि वाचून दाखवले.

उजवा कान, पंधरा. डावा कान, पासष्ट.