मुक्या दिवसांतली राख

संक्रांत झाली की पहाडातल्या थाचणी गावाचे देव स्वर्गात सभेला जातात, आणि ते परत येईपर्यंत गावाने तोंडातून ब्र काढायचा नाही. टीव्ही बंद, गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा चिंधीने बांधून टाकायची. कुजबुजायला मुभा असते, त्यामुळे चहाड्या मात्र नेहमीसारख्याच चालतात. या दिवसांत मातीला कुदळ लावायची नाही आणि शेतात काही टाकायचंही नाही. देवांचं ध्यान मोडलं तर ते गारा घेऊन परततात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

गेल्या वर्षी नेमक्या याच दिवसांत इंदरीच्या पायावर उकळतं पाणी सांडलं आणि ती किंचाळली. पुढे चैत्रात, सफरचंदं फुलावर असताना गारा पडल्या. गावाने सगळं खापर तिच्यावर फोडलं, आणि त्यात पुढाकार होता तिच्या सासूचा, खिमीचा. "मीच हे तोंड घरात आणून ठेवलंय," असं ती नळावर चारचौघींत म्हणाली होती. नवरा टेकराम ट्रकवर असायचा, त्याला घरचं काय कळणार? तेव्हापासून बायका इंदरीला बघितलं की घागरी बाजूला घ्यायच्या. यंदा तिने मनाशी ठरवलं होतं, हात तुटला तरी चालेल, पण आवाज काढायचा नाही.

थंडीत घर ऊब धरून ठेवणारी लोखंडी शेगडी, म्हणजे तंदूर, दिवसभर धगधगतो आणि राख निघता निघत नाही. ती कुणी फेकत नाही. भांडी तिनेच घासायची. दारापुढच्या गोठलेल्या पायऱ्यांवर ती पसरली की पाय घसरत नाही. कोंबड्या तिच्यात लोळल्या की पिसवा जातात, राजम्याच्या बियाण्यात मिसळली की कीड लागत नाही. उरलेली शेतात जाते, पण देव गावात नसताना तीही बंद. मग प्रत्येक घर आपली राख आपल्याच खालच्या गोठ्यात, भिंतीच्या कोपऱ्यात ढीग घालून ठेवतं. ती आधी पत्र्याच्या डब्यात, बाहेरच्या दगडी ओट्यावर पूर्ण निवू द्यायची आणि मगच खाली न्यायची, एवढं तारतम्य प्रत्येक घरात असतं.

त्या दिवशी दुपारी डबा शिगोशीग भरला होता. इंदरीने वरून हात फिरवला, राख गार लागली. तिने ती वेताच्या किलट्यात, पाठीवरच्या टोपलीत, ओतली, किलटा पाठीला मारला आणि गोठ्यात नेऊन टेकवला. ढिगावर नंतर ओतू म्हणून ती वर कणीक मळायला गेली. किलटा ठेवला होता तो गुरांच्या अंथरणाला आणलेल्या चीडच्या झाडाच्या सुक्या, सुईसारख्या पानांना लागून.

कणीक अर्धी मळून झाली नव्हती तोच तिला वास आला. करपलेल्या वेताचा वास.

खिमी खिडकीशी लोकर कातत होती. इंदरीने तिला काही सांगितलं नाही, कणकेने भरल्या हातांनी ती शिडी उतरली. किलट्याचं बूड लाल झालं होतं आणि चीडपानांतून तडतड आवाज येत होता. गाय मागे मागे सरकून भिंतीला चिकटली होती. वर देवदाराची तुळई, तिच्यावर धान्याची खोली, तिच्यावर सासू. आणि या घराला खेटून पुढचं घर, त्याला खेटून त्याच्या पुढचं, सगळी लाकडाची.

तिचं तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आलाही होता. तिने पदर तोंडात कोंबला. ओरडलं तर गाव जमेल, पण मग चैत्रात आभाळ भरून आलं की सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळतील. यंदा सासू घरात तरी ठेवेल का? पुढे आग की मागे गाव, कशाला जास्त भ्यावं हे तिला कळेना.

पाणी नव्हतं. नळ महिनाभर गोठलेला, आणि बर्फ आणायला बाहेर जावं तर तेवढ्यात तुळईने पेट घेतला असता. तिने फावडं घेतलं आणि कोपऱ्यातली जुनी, गार राख आगीवर टाकायला सुरुवात केली. एक फावडं, आणखी एक. ज्वाळा दबायची आणि शेजारून वर यायची. गायीचा दोर सोडून तिने तिला बाहेर ढकललं आणि परत आत शिरली. राख उडून डोळ्यांत गेली, धूर छातीत गेला. आता ओरडायचं म्हटलं तरी घशातून नुसतं खरखरत होतं. दार कुठल्या बाजूला होतं तेही तिला आठवेना. आपण इथेच मरणार, तेही गुपचूप, असं तिला वाटलं आणि ती फावड्यासकट खाली बसली.

"इंदरी! अगं इंदरी! धावा रे! माझी सून आत आहे, धावा!"

बंद दारांआड शब्द कुणाला नीट कळले नाहीत, पण तो बाईचा आवाज सगळ्या गावात घुमला. दारं उघडली. माणसं टोपल्या भरभरून बर्फ घेऊन पळत आली आणि त्या धांदलीतही एकमेकांना कुजबुजत हुकूम सोडत राहिली. कुणीतरी इंदरीला काखेत धरून बाहेर ओढलं. आग विझली, तुळई काळी पडली पण शाबूत राहिली.

मग देवाचा कारभार बघणारा कारदार, म्हातारा बेलीराम, बर्फात उकिडव्या बसलेल्या इंदरीपुढे येऊन उभा राहिला.

"पुन्हा तूच?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुला गळा तरी केवढा दिलाय गं देवाने!"

इंदरीने मान हलवली. बोलायला गेली तर नुसता खोकला आला. तिने सासूकडे बघितलं. खिमी शिडीला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. बायका इंदरीकडे बघत होत्या, नंतर आभाळाकडे.

संध्याकाळी खिमीने केस धुवायला चाळणीतून राख गाळून तिचं निवळ पाणी काढलं, तंदूरवर कोमट केलं आणि सुनेला पाटावर बसवलं. इंदरीच्या केसांत काजळी आणि चिकट धूर बसला होता. म्हातारीची बोटं तिच्या डोक्यात फिरत होती.

"मला भीती वाटली गं," खिमी कुजबुजली. "तू आत होतीस, आवाज कधी फुटला मला कळलंसुद्धा नाही. पण बेलीराम समोर आला आणि वाचाच बसली माझी. या वयात मला गावाने वाळीत टाकलं तर मी कुठे जाऊ?"

पाणी मानेवरून ओघळत होतं.

"सकाळी जाते त्याच्याकडे. सांगते, मी ओरडले म्हणून."

"नका सांगू, आमा," इंदरी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझं नाव गेलेलंच आहे. तुमचं कशाला घालवता?"

तिने हे म्हटलं आणि वाट बघितली. सासू 'नाही, सांगणारच' म्हणेल, निदान एकदा तरी म्हणेल, असं तिला वाटत होतं.

खिमीने तांब्या भरला आणि तिच्या डोक्यावर ओतला.