सरकलेला स्टेंट

मंगळवारी सकाळी माझ्या श्वासनळीतला स्टेंट माझ्या नवऱ्याच्या, दिगंबरांच्या, श्वासनळीत गेला.

अपघातानंतर मी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. त्यात श्वासनळी आकसली, म्हणून मिरजेच्या डॉक्टर मगदूमांनी तिथे सिलिकॉनची बोटाएवढी नळी बसवली होती. चहा पिताना दिगंबरांच्या श्वासातून तिची ओळखीची शिट्टी आली. माझा श्वास मात्र अडकायला लागला.

डॉक्टरांनी दुर्बीण आधी माझ्या घशात घातली, मग दिगंबरांच्या.

"इथं आहे," ते म्हणाले. "खोकल्यानं सरकतो कधीकधी."

"काढून मला परत द्या."

"त्याला ह्यांची संमती लागेल."

दिगंबर छताकडे बघत राहिले. "मला काही त्रास नाही," ते म्हणाले. "राहू दे की."

मला बसवलेला दुसरा स्टेंट आठवड्याच्या आत नणंदेकडे गेला. कुमुदवन्संना लहानपणापासून दमा. आता त्या गाणं म्हणत जिना चढू लागल्या. नळीत कफ साठू नये म्हणून मी वाफ घ्यायची, ती दोघं आळीपाळीनं घेऊ लागली. मी खोलीत आले की त्यांचं बोलणं थांबायचं.

तिसरा स्टेंट डॉक्टरांनी टाका घालून बांधला. दोरा मानेतून बाहेर काढून त्याला पांढरं बटण गाठवलं.

"आता हलणार नाही ना?"

"दोरा तुटणार नाही," ते म्हणाले. मी ते विचारलं नव्हतं.

घरी आमटीतलं तिखट वाढलं. मला ठसका लागला की दोघं माझ्याकडे जराशी वाकायची.

"वहिनी, बटण टोचत असेल ना?" वन्सं म्हणाल्या. "कापून देऊ?"

मी घरातल्या सगळ्या कात्र्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

रविवारी दुपारी मी खोकतच जागी झाले. बटण जागेवर होतं, पण दोरा माझ्या ओठांतून बाहेर आला होता. तो ताणलेला होता. त्याच्या मागोमाग मी बाहेरच्या खोलीत गेले. दिगंबर आणि वन्सं सोफ्यावर शेजारी शेजारी झोपली होती, तोंडं उघडी टाकून. दोरा त्यांच्यापाशी थांबला नव्हता. त्यांच्या समोरून तो बंद दाराच्या फटीत गेला होता.

मी दिगंबरांना हाक मारली. नुसती हवा आली.

दाराबाहेर कुणीतरी सावकाश, खोल श्वास घेतला. बटण मानेत रुतलं आणि मी एक पाऊल पुढे गेले.