लालजीचा उपास

श्रावणातले हिंडोळे, म्हणजे देवाला झुल्यावर झुलवायचे दिवस, चालू होते. गुजरातेतल्या उमरेठच्या घरात तरलिकाची आई, बा, तिच्या बाळकृष्णाच्या, लालजीच्या झुल्याला हिरव्या भेंड्यांची झालर बांधत बसली होती.

"डॉक्टरांनी बजावलंय, तुझं ऑपरेशन लांबवू नका," तरलिका म्हणाली. "उद्याच निघू."

"हिंडोळे होऊ देत गं."

"तुझ्या पितळी पोराला चार दिवस इंदुकाकी झुलवतील."

"त्याला दुसऱ्याचा हात चालत नाही. लहान आहे तो."

"पंचेचाळीस वर्षं लहानच! मी मात्र जन्मतःच मोठी."

बा हसली. "एवढी पुस्तकं वाचतेस, अन् जळतेस कुणावर, तर लालजीवर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लालजीचं दूध तापवताना बा चुलीपाशी कोसळली, ती उठलीच नाही.

सुतकात लालजी शेजारी इंदुकाकींकडे राहिला. चौदाव्या दिवशी त्या त्याला घेऊन आल्या. "तुझ्याच्याने सेवा व्हायची नाही. हवेलीच्या देवळात पोचवू का?"

"नको. माझ्याकडेच राहील."

काकींचे डोळे भरून आले. तरलिकाचे कोरडेच होते.

तिने त्याला उघडाच देव्हाऱ्यात ठेवला. उठवलं नाही, न्हाऊ घातलं नाही, भोगाचा कणही दाखवला नाही. दोन्ही वेळा त्याच्यासमोर पाट मांडून ती एकटी जेवली. तूप जास्त घेतलं, सावकाश जेवली. "बघत बस," म्हणाली.

अखंड द्वेष करणाऱ्यालाही देव पदरात घेतो, असं तिने वाचलं होतं. म्हणजे सूड उगवायलाही ह्याने जागा ठेवली नव्हती. ते आठवलं की तिचा संताप दुप्पट होई.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी डोकावल्या. "दुपारच्या राजभोगाला काय केलंस?"

"काही नाही. तीन दिवस उपाशी आहे तो."

काकींनी दोन्ही हात पुढे केले. "अगं, लेकरू आहे ते! दे इकडे."

"देणार नाही. ह्याने माझ्या आईला सोडलं नाही, मी ह्याला सोडणार नाही."

"सकाळपासून त्याच्यापुढे बसतेस. बोलतेस त्याच्याशीच, भांडतेस त्याच्याशीच," काकी हळूच म्हणाल्या. "तुझी बा तरी वेगळं काय करायची?"

तरलिका ताटावरून उठली. देव्हाऱ्याकडे तिने पाठ केली आणि चुलीपुढच्या रिकाम्या जागेकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बा, त्याला दिवसातून आठ वेळा विचारायचीस. मला भूक लागलीय का, हे तू एकदासुद्धा विचारलं नाहीस."