आठ महिने बंद गोळी

प्रश्न ४. किडनी जपणारी गोळी सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन तीस टक्क्यांच्या आत वाढलं, तर गोळी चालू ठेवता का?

नेहमी. बहुतेकदा. कधीकधी. कधीच नाही.

डॉक्टर संघप्रियाने ‘नेहमी’वर खूण केली. किडनीच्या डॉक्टरला हेही विचारायचं? महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती चंद्रपूरहून नागभीडला रुग्ण तपासायला येई. किडनीचे डॉक्टर नियम कितपत पाळतात, याच्या पाहणीचा हा फॉर्म ती दोन रुग्णांच्या मध्ये भरत होती.

प्रश्न ५. लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तरी

गिरजाबाई आत आल्या. प्रश्न तिथेच राहिला.

त्यांचा कागद.
फेब्रुवारी: क्रिएटिनिन १.७. गोळी सुरू.
मार्च: २.०. गोळी बंद.
एप्रिल ते ऑक्टोबर: आल्या नाहीत.
आज, नोव्हेंबर: २.६. लघवीतून प्रथिनं दुप्पट.

“ही गोळी कोणी बंद केली, बाई?”

“अव्वा! तुमीच त. म्हणल्या, आकडा वाढून राह्यला, नोका खाऊ.”

अक्षर तिचंच होतं. वाढ अठरा टक्क्यांची. गोळी लागू पडताना आकडा सुरुवातीला एवढा चढतोच, पुढे किडनी सावकाश झिजते. तिला हे झोपेतही सांगता आलं असतं. पण मार्चमध्ये मनात आलं होतं, गोळीने पोटॅशियम चढून हृदयावर बेतलं तर? महिनाभर या बाईकडे पाहणार कोण? आणि तिने ‘गोळी बंद’ लिहिलं.

तिने प्रश्न ४ वरची खूण खोडली. ‘कधीकधी’वर केली.

हे झालं कागदाचं. समोरच्या खुर्चीचं काय?

“गिरजाबाई, माझं चुकलं. गोळी चालू ठेवायले पायजे होती. किडनी जास्त झिजली.”

“मंग आता?”

“गेलं ते परत येत नाई. उरलेलं टिकवू. गोळी पुन्हा सुरू.”

“सकाळी फाशी, संध्याकाळी माफी! वडशाच्या नाटकातला राजा होय का तुमी?”

संघप्रियाला हसू आलं. गिरजाबाई हसल्या नाहीत.

“आन् आकडा पुन्हा वाढला त?”

“पंधरा दिवसांनी रक्त पाहू. थोडा वाढला तर घाबरायचं नाई.”

“मी कुठी घाबरली होती? पंधरा दिवसानं तुमी इथी नाई राहत. तिकडं बसून आकडा पाहान, आन् पुन्हा बंद म्हणान.”

संघप्रियाने मोबाइल उघडला. पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारी चंद्रपूरला चौदा रुग्ण होते. तिने ते शुक्रवारवर ढकलले.

“मी येते. इथीच बसून पाहू.”

गिरजाबाईंनी गोळीची चिठ्ठी कमरेला खोचली.

“सकाळच्या गाडीनं या. दुपारून मले धान कापाले जा लागते.”