तातडीच्या विभागातली हातांची खुर्ची

मित्रांनो, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात शिरलात की भिंतीला लागून उभी दिसते ती मी, हातांची लाकडी खुर्ची. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला माझ्यावर शांत बसवतात. धापा टाकत आलेली कितीतरी माणसं माझ्यावर निवली. "हिचा हातगुण चांगला आहे," असं परिचारिका म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटे.

एका दुपारी एक टेम्पोवाला आपल्या आईला घेऊन आला. ती शिवणकाम करायची. औषधाच्या दुकानात सहज मोजलं, तर दाब खूप वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. डोकं दुखत नव्हतं, छातीत काही नव्हतं.

"जरा टेका आजी. थोड्या वेळाने पुन्हा बघू."

"टेका काय? इंजेक्शन द्या आणि उतरवा की!" मुलगा तडकला.

"एकदम उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल. तुमचा कधी मोजलाय?"

"मला काय धाड भरलीय? गोळ्या होत्या, दिल्या सोडून."

आई माझ्यावर बसली होती आणि मागे उभ्या असलेल्या त्याची मूठ माझ्या पाठीवर घट्ट होती. ती अचानक ढिली पडली. मला ते सर्वांआधी कळलं, पण मला वाचा कुठली? त्याचे शब्द जड झाले, तोंड वाकडं झालं. आई किंचाळली.

मग मात्र डॉक्टरीणबाईंनी क्षण दवडला नाही. त्याचा दाब आईपेक्षाही वाढलेला निघाला आणि तपासणीत मेंदूत रक्तस्राव दिसला. रक्तस्राव वाढू नये म्हणून आत शिरेतून औषध सुरू झालं आणि यंत्रावर नजर ठेवून दाब खाली आणला गेला. बाहेर परिचारिका दाब मोजायचा पट्टा घेऊन आईजवळ आली.

"माझं नका मोजू आता, बाई. त्याचं काय ते सांगा."

माझे दोन्ही हात घट्ट धरून ती आतल्या दाराकडे बघत राहिली.

तो वाचला. उजवा हात मात्र पुरता परतला नाही. टेम्पो विकावा लागला. आता तो आईच्या मशीनशेजारी बसून डाव्या हाताने दोरे कापतो. तपासणीला आली तेव्हा तीच सांगत होती.

हल्ली माझा एक पाय डुगडुगतो. लोक माझ्यावर पिशव्या टाकून निघून जातात, त्याचं वाईट वाटतं. तरी मागणं माझ्यासाठी नाही. काही दुखत नाही म्हणून घरात कोणी गोळ्या सोडल्या असतील, तर त्यांच्या मागे लागा. आणि तुमचे बाबा तुमच्या आजीला घेऊन इथे आले, तर त्यांना नुसतं उभं राहू देऊ नका. आजीचं झालं की त्यांनाही माझ्यावर बसवा आणि म्हणा, "बाबा, बाही वर करा."