वास जिन्यापर्यंत

सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळून तिने परात बाजूला सारली आणि ओट्यावरच्या फळीकडे हात केला. फळीवर एकसारखे स्टीलचे डबे ओळीने उभे होते, आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. नवं लग्न झालेलं असताना नवरा एकदा म्हणाला होता, निदान मसाल्यांवर तरी नावं लिहू या. तेव्हा ती हसून म्हणाली होती की चिठ्ठ्या दवाखान्यात लावतात, माझ्या घरात कशाला? झाकण उचलायचं, हुंगायचं, झालं. डावीकडून दुसरा डबा दालचिनीचा. तिने तो खाली घेतला, आतली तपकिरी पूड चमचा भरभरून मैद्यात घातली आणि सगळं एकत्र चाळून घेतलं.

हुंगलं मात्र नाही. हुंगून उपयोग काय होता?

ती डेअरीत होती, दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर. उजाडता उजाडता गाड्या लागायच्या, कॅन उतरायचे, आणि एकेका कॅनचं झाकण निघालं की ही बाई वाकून वास घ्यायची. मान हलली की दूध टाकीत, हात आडवा झाला की कॅन परत. तपासणीची खोली होती, तिथे यंत्रंही होती, पण यंत्रांना वेळ लागतो आणि दूध काही कुणासाठी थांबत नाही. एक नासका कॅन आत गेला की अख्खी टाकी कामातून जाते. म्हणून सगळी डेअरी तिच्या नाकावर चालायची, आणि तिला म्हणायचेही ‘नाक’च. नाक आलं का? नाकाला विचारलं का? साहेबसुद्धा असंच म्हणायचे. तिला राग यायचा नाही, उलट आतून बरं वाटायचं. एरवी होतं काय तिच्यात? रूप चारचौघींसारखं, शिक्षण बेताचं, स्वभावाने नाकासमोर चालणारी. देवाने हातचं राखून दिलं होतं सगळं, एक नाक तेवढं सढळ हाताने दिलं होतं.

मग ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, चार दिवसांत होईल मोकळं. नंतर ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींचा येतो, काहींचा नाही येत. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. धक्क्यावरच्या बाईला नाक नाही म्हटल्यावर तिला ठेवणार कोण, आणि कशाला?

तरी काही दिवस निभावलं, ते लांब्यामुळे. लांब्या म्हणजे कॅन उतरवणारा तिचा जोडीदार. दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा, अबोल, तिच्यापेक्षा वयाने थोडा लहान. कॅन धुणं, उतरवणं, झाकण काढणं ही त्याची कामं. वास घेणं त्याचं काम नव्हतं, पण झाकण काढणाऱ्याच्या नाकात वास जायचा तो जातोच. दूध आंबायला लागलेलं असलं की त्याची डावी भुवई जराशी वर चढायची. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. ती कॅनवर वाकायची आणि वर डोळे करून त्याची भुवई बघायची. भुवई हलली की हात आडवा. हे जमून गेलं होतं, आणि जमलं याचीच तिला जास्त भीती वाटायची.

थंडी पडली आणि लांब्याने नाकातोंडावर मफलर गुंडाळला. झालं! त्याला वास येईना आणि हिला भुवई दिसूनही कळेना. तिने झाकणं बघितली, दूध बोटावर घेऊन चाखलं, पण नुकतं बिघडू लागलेलं दूध जिभेला कळेना, मग अंदाजाने मान हलवत राहिली. पहिली टाकी नासली तेव्हा साहेब गप्प बसले. दुसरी नासली तेव्हा त्यांनी चौकशी केली. नाक चुकेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. म्हणजे कॅन नीट धुतले गेले नसणार. कॅन कोण धुतं? लांब्या. शनिवारी साहेबांनी त्याला सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस.

लांब्या तिच्याकडे आला होता. मान खाली घालून म्हणाला होता की ताई, मी कॅन उकळत्या पाण्याने धुतले, तुम्ही बघता रोज. तुम्ही साहेबांकडे एक शब्द टाका, तुमचं ऐकतील. ती ‘बघते’ म्हणाली. आणि मग, काय बोलावं हे न सुचून, म्हणाली की उद्या दुपारी वहिनींना घेऊन घरी ये चहाला, मी सफरचंदाचा केक करते.

शब्दाच्या जागी केक. स्वतःची लबाडी तिला त्याच क्षणी कळली होती.

तिने लोणी आणि साखर फेसली, अंडी फोडून घातली, मैदा मिसळला, फोडी हलक्या हाताने वर पसरल्या आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. आता खरी पंचाईत होती. हा केक तिच्या आईचा, आणि आईने त्याला वेळ अशी कधी सांगितलीच नव्हती. वास जिन्यापर्यंत आला की केक झाला, एवढंच आईचं म्हणणं. आधी लोण्याचा वास येतो, मग सफरचंदाचा, आणि सगळ्यात शेवटी दालचिनीचा. दालचिनी दाराबाहेर पडून जिन्याच्या वळणावर पोचली की बाहेर काढायचा. इतकी वर्षं ती जिन्यात जाऊन उभी राहायची, एक श्वास घ्यायची आणि परत यायची. आजही गेली. कठड्याला धरून तिने खोल श्वास घेतला. गार हवा आत गेली आणि गार हवाच बाहेर आली.

मग बसली ओव्हनचं दार उघडत आणि लावत. विणायची सुई खुपसून बघ, पुन्हा दार लाव, पुन्हा उघड. अशाने केक मधे बसला, खळगा पडला.

नवरा शाळेची बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी खाली अंगणात आपली जुनी स्कूटर पुसत बसायचा. तो हात पुसत वर आला आणि दारात थबकला.

“अगं, आज वास काहीतरी निराळाच येतोय.”

तिचा हात ओव्हनच्या दारावरच थांबला. पण तोंड थांबलं नाही. ती म्हणाली, “दालचिनी नवी आहे. जरा कडक आहे.”

“असेल बाई. तुझ्या नाकापुढे आम्ही काय बोलणार!” असं म्हणून तो अंघोळीला निघून गेला.

पाहुणे वेळेवर आले. लांब्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि मफलर घरी ठेवला होता. त्याची बायको नेटकी, कमी बोलणारी, पण डोळे सगळीकडे फिरणारे. ती इस्त्रीचं दुकान सांभाळायची, आणि तिचे हात बघितले की ते सांगावं लागायचं नाही. गप्पा मुलांच्या शाळेवरून थंडीवर आणि थंडीवरून पाणी गरम करायच्या खर्चावर आल्या, पण डेअरीपाशी कुणी गेलं नाही. सगळे त्या विषयाला वळसा घालून बोलत होते. तिने केक कापला, खळग्याचा भाग स्वतःच्या ताटलीत घेतला आणि कडेचे चांगले तुकडे पाहुण्यांना दिले.

लांब्याने घास घेतला.

ती चहा ओतत होती, तरी तिचे डोळे सवयीने त्याच्या तोंडाकडे गेले. इतके दिवस दुसरं केलं काय होतं तिने? त्याचा जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. आणि डावी भुवई हळूच वर चढली.

तिने किटली खाली ठेवली.

“छान झालाय, ताई,” लांब्या म्हणाला आणि त्याने दुसरा घास घेतला.

त्याच्या बायकोने चमचा ताटलीत ठेवून दिला होता. ती नवऱ्याकडे बघत होती.

“लांब्या, काय आहे यात? खरं सांग,” किटलीपाशी उभी राहूनच तिने विचारलं.

घास गिळायलाही त्याला वेळ लागला. मग अगदी हळू म्हणाला, “जिरं.”

तिच्या नवऱ्याला हसूच आवरेना. जिरं? हिच्या हातून? त्याने फळीवरचा डबा काढून उघडला, नाकाशी धरला आणि हसतच म्हणाला की अगं, खरंच जिऱ्याची पूड आहे. मग त्याचं त्यालाच आठवलं. तू तापाने पडली होतीस ना, तेव्हा मीच फळी पुसून डबे परत लावले होते, उलटेसुलटे लागले असणार. पण तू तर... असं म्हणता म्हणता त्याचं हसू विरलं. तो डबा हातात धरून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच बायकोकडे नीट बघू लागला.

लांब्याने ताटली खाली ठेवली.

“ताई, कधीपासून?”

“तापापासून.”

“काहीच नाही येत?”

“काहीच नाही.”

एकेक गोष्ट लांब्याच्या मनात जागच्या जागी बसत असावी. “म्हणून तुम्ही माझ्याकडे बघायचात,” तो म्हणाला. “मला वाटायचं, माझं काही चुकतंय का.” मग त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला, जिथे रोज मफलर असायचा, आणि तिथेच राहिला.

ती सांगणार होती. खरंच सांगणार होती, केक झाल्यावर, चहा झाल्यावर, एकदा सगळे बसले की. निदान सकाळपासून ती स्वतःला असंच बजावत होती. पण आता कुणाला सांगावं, आणि कोण विश्वास ठेवणार?

लांब्याची बायको उठली. आवाज तिने चढवला नाही.

“बाई, हे रात्रभर बसून होते काल. मी खरंच कॅन धुतले का गं, असं मला विचारत होते. मला! यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला, आणि तुम्ही आम्हाला केक खायला बोलावलंत?”

लांब्या बायकोच्या मागे दारापर्यंत गेला, सवयीने मान वाकवली आणि तसाच थांबला.

“उद्या येऊ का मी?”

“ये,” ती म्हणाली. “गाड्या लागायच्या आधी ये.”

ते गेल्यावर नवऱ्याने तिला काही विचारलं नाही. मला का नाही सांगितलंस, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याने ते विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने सगळे डबे ओट्यावर काढले, मुलांच्या शाळेतून आणलेली चिकटपट्टी शोधली आणि एकेक डबा हुंगून त्यावर नाव लिहायला लागला. धणे. जिरं. सुंठ. दालचिनी. त्याचं अक्षर वाईट होतं. ती शेजारी बसून केकचा खळग्याचा तुकडा खात राहिली. तिला तो फक्त गोड लागत होता आणि मऊ लागत होता, बाकी काही नाही.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी आधी हसण्यावारी नेलं. नाकाला वास येत नाही, हा काय विनोद? मग तिचा चेहरा बघून त्यांनी कोपऱ्यातली फिनेलची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. त्या वासाने त्यांनीच तोंड फिरवलं. ती तशीच उभी होती, पापणीही न लववता. साहेबांनी बूच लावलं आणि खुर्चीत बसले. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं, आणि त्याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते साहेबांना कळण्यासारखं नव्हतं. टाक्यांचं नुकसान तिच्या नावावर लागलं. लांब्याला परत घेतलं, आणि दुसरं कुणी मिळेपर्यंत वास घ्यायचं कामही त्याच्याकडेच दिलं. तिला कॅन धुवायच्या हौदावर पाठवलं. तिथे नाक लागत नाही.

हौद धक्क्याला लागूनच होता. ती रबरी बूट चढवून, हातात ब्रश घेऊन उभी राहिली. पाण्याची वाफ तोंडावर येत होती. पहिली गाडी लागली. जमलेली माणसं तिच्याकडे बघायचं टाळत होती, आणि ‘नाक आलं का’ असं आज कुणी विचारलं नाही.

लांब्याने कॅन उतरवला आणि झाकण काढलं. इतक्या वर्षांची सवय. त्याने कॅन तिच्या बाजूला कलता केला आणि थांबला. तीही सवयीने वाकली. अर्ध्यात दोघांनाही एकदमच कळलं. ती तशीच वाकलेली राहिली, तोही कॅन धरून तसाच.

“तूच बघ,” ती म्हणाली.

मग तो उंच माणूस कमरेत पुरता वाकला, कॅनच्या तोंडाशी नाक नेलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. भुवई वर चढली.

“परत ना?” तिने विचारलं.

“परत,” लांब्या म्हणाला.

तिने मान हलवली, ब्रश पाण्यात बुडवला आणि रिकामा कॅन पुढे ओढून घेतला.