उष्टं क्लॅरिनेट

दिवसभर तिचे हात परक्या जबड्यांत असत. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ती मदतनीस होती. लोकांनी थुंकायचं, तिने पुसायचं. क्लॅरिनेटला मात्र तिच्याशिवाय कुणाचं तोंड लागत नसे.

घरी सराव जमायचा नाही. सकाळी सासूबाईंची झोपमोड, संध्याकाळी नवऱ्याच्या बातम्या. उरली जेवणाची सुट्टी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, रक्ताळलेल्या कापसाच्या पिंपाशेजारी. डबा तसाच ठेवून ती सूर धरी, पोटातून, श्वास न तोडता, आणि

घंटी. दाढ काढायची.

आणि पुन्हा, ओठ घट्ट, तोच सूर

घंटी. पू झालाय.

शनिवारी संध्याकाळी बँडमास्तर ऐकणार होते. जमलं तर बँडमध्ये जागा, नाहीतर मोकळा वेळ असलेलं माणूस बघतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी तिने क्लॅरिनेटची पेटी उघडली. तोंडात धरायच्या टोकावर, माउथपीसवर, बिस्किटाचा लगदा आणि वाळलेला शेंबूड. आदल्या संध्याकाळी, ती बाजारात गेली असताना, दिराने पाहुण्यांत क्लॅरिनेट फिरवलं होतं. सगळ्यांनी फुंकून पाहिलं. दिराला तर सणकून सर्दी.

"गंमत केली हो वहिनी. वाद्यच ते, टूथब्रश आहे का?"

घरच्यांचं कसलं आलंय उष्टं, असं सासूबाईंचं म्हणणं.

तिने माउथपीस मोरीत नेला. साबणाने घासूनही किळस जाईना. कामावर पोचताच तिने सवयीने नको ते केलं: चिमट्यांच्या ट्रेमध्ये माउथपीस ठेवून ट्रे हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात सरकवला.

यंत्र उघडलं तेव्हा जळक्या रबराचा भपकारा आला. कडक रबराचा तो माउथपीस हिरवट पडला होता, वाकडा, दिराच्या हसण्यासारखा.

संध्याकाळी बँडमास्तरांनी खणातून दुसरा काढून दिला. त्यावर दातांचे खड्डे होते, खड्ड्यांत पिवळं काहीतरी. रात्री दात खाणारा कुणीतरी.

"कुणाचा हा?"

"सगळ्यांचा. वाजवताय, की पुढच्याला बोलावू?"

तिने तो रुमालाने पुसला. पुन्हा पुसला. मग तोंडात घेतला. शिळी लाळ, तंबाखू, आणखी काय काय. घशाशी आलेलं गिळून तिने सूर धरला, आणि धरला, आणि इथे घंटी वाजवायला कुणी नव्हतं.

मंगळवारपासून या, मास्तर म्हणाले.

ती मोरीकडे पळाली. खळखळून चूळ भरली, थुंकली, परत भरली. मग तोंड पुसत आत आली.

"हा माझ्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. "घरी नाही नेत, दवाखान्यात ठेवते."